जखमी कोंबडी: सुरी की सुश्रूषा?

(जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाचं बोलून झालं, ज्वारीचं बोलून झालं. आता आम्ही कोंबडीवर बोलणार म्हटल्यावर मागं बसलेली काही मंडळी हसली. मायबहिणी मात्र हसल्या नाहीत. त्यांना ठाऊक आहे, कापसाचा चुकारा येतो तो देणेकऱ्यांची वाट धरूनच येतो. अंड्याचा पैसा तेवढा घरधनिणीच्या पदराच्या गाठीला राहतो. तेल, मीठ, लेकराची वही, एसटीचं तिकीट, हे सगळं त्या गाठीतून निघतं.

म्हणून आधी हिशेब मांडू. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते आणि खुडूक बसून पिलंही काढते. पिलाची तलंग होऊन ती अंड्यावर यायला सहा महिने जातात. घरात आठ-दहा कोंबड्या असतील आणि एक गेली, तर गाठीतला आठवा-दहावा हिस्सा गेला. उलट तिला वाचवायला काय लागतं? मीठ, हळद, जुन्या लुगड्याची चिंधी आणि दोन-तीन आठवडे लक्ष. तरीही कुत्र्यानं कोंबडी धरली की आपण पाहतो आणि म्हणतो, आता हिचं काही खरं नाही, आणा सुरी. यातल्या कितीतरी कोंबड्या वाचणाऱ्या असतात.

पहिला तास

कुत्रा, मांजर, मुंगूस, घार यांच्या तावडीतून सुटलेली कोंबडी पुष्कळदा जखमेनं मरत नाही, धसक्यानं आणि गारठ्यानं मरते. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम, ४१ अंशांच्या पुढे असतं. ते उतरू द्यायचं नाही. तिला धरायला चौघांनी धावू नये. एकानं अंगावर फडकं टाकून उचलावी आणि अंधाऱ्या, शांत जागी डाल्याखाली ठेवावी. थंडी-पावसाचे दिवस असतील तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. उन्हाळ्यात सावली आणि वारा पाहावा.

धरताना एक ध्यानात ठेवा. कोंबडीला आपल्यासारखा छाती आणि पोटामधला पडदा नसतो. छातीचं हाड खालीवर झालं तरच तिचा श्वास चालतो. छाती घट्ट आवळली तर ती हातातल्या हातात गुदमरते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं चार-पाच मिनिटं न उचलता दाबून धरा. तुरा फाटला की रक्त फार दिसतं, पण ती जखम सहसा जिवावरची नसते. बारीक जखमेवर हळद दाबली तरी भागतं.

जखम धुणं

कुत्र्या-मांजराच्या दाताची जखम वरून बारीक दिसते, आत खोल असते. पिसांखाली हात घालून सगळं अंग तपासा. जखमेभोवतीची पिसं कात्रीनं कापा, उपटू नका. लिटरभर पाणी उकळून त्यात चहाचा दीड चमचा मीठ घाला आणि कोमट झाल्यावर त्यानं जखम धुवा. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून, फिक्या चहासारखा रंग करून लावलं तरी चालतं. नंतर रोज दोनदा जखम पाहा. माशी बसली तर दिवसाभरात अळ्या होतात. त्या चिमट्यानं एकेक काढाव्या लागतात. माशा असतील त्या दिवसांत डाल्यावर जुनी मच्छरदाणी टाका. पक्ष्याचा पू पातळ नसतो, खव्यासारखा घट्ट होतो. म्हणून गाठ आपोआप फुटेल म्हणून वाट पाहू नका, डॉक्टरला दाखवा.

आता आमची कळकळीची विनंती ऐका. जखमेत किडे पडले किंवा अंगावर उवा-गोचीड झाले म्हणून कपाशीवरचं फवारणीचं औषध कोंबडीला लावू नका. ते औषध नाही, विष आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. जे विष धडधाकट माणसाला पुरून उरतं, ते दीड किलोच्या कोंबडीच्या उघड्या जखमेत काय करील? रॉकेल आणि तंबाखूचं पाणीही नको. आणि औषध लावलेलं सरकी-ज्वारीचं बियाणं अंगणात सांडू देऊ नका. त्यानं चांगल्या कोंबड्याही मरतात.

माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कुटून चारू नका. डायक्लोफिनॅक दिलेली ढोरं खाऊन आपली गिधाडं संपत आली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद करावं लागलं. पक्ष्याचं मूत्रपिंड ते झेपवू शकत नाही.

मोडलेलं हाड

पाय नडगीत मोडला असेल आणि हाड बाहेर आलं नसेल, तर कापूस गुंडाळून दोन्ही बाजूंनी बांबूची किंवा तुराटीची गुळगुळीत काडी लावा आणि चिंधीनं बांधा. बोटं गार पडली किंवा सुजली तर पट्टी सैल करा. पक्ष्याचं हाड लवकर जुळतं, तीनेक आठवडे पुरतात. पंख मोडला असेल तर नेहमीसारखा मिटून अंगाशी बांधा, पण छातीवर ताण येऊ देऊ नका. दोन आठवड्यांनी पट्टी काढा, नाहीतर सांधा आखडतो.

पंखाचं खांद्याजवळचं हाड पोकळ असतं आणि श्वासाच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. तिथं हाड उघडं पडलं असेल तर पाणी किंवा औषध ओतू नका, ते थेट श्वासात जाईल. ती कोंबडी डॉक्टरकडेच न्या. गळ्याखालची दाण्याची पिशवी फाटून दाणे बाहेर येत असतील तर तीही टाके घालायलाच न्या. दवाखान्यात “कोंबडीला काय आणता” म्हणून कुणी हसलं, तर शांतपणे सांगा, हे आमचं पशुधनच आहे. १९६२ या क्रमांकावरही विचारता येतं.

दाणापाणी

चोच उघडून घशात पाणी ओतू नका. श्वासाचं भोक जिभेच्या मुळाशीच असतं. चोचीच्या कडेला थेंब-थेंब लावा, ती स्वतः गिळते. पहिल्या दिवशी लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्या. मग भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या आणि कुस्करलेलं उकडलेलं अंडं द्या. पिसं म्हणजे सगळी प्रथिनंच, ती परत यायला असा खुराक लागतो. सरकीची पेंड घरात असते म्हणून घालू नका. तिच्यातल्या गॉसिपॉलनं अंड्याचा बलक हिरवट-काळपट पडतो. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड तर मुळीच नको.

दवाखान्यातलं औषध सुरू असेल तर किती दिवस अंडी आणि मांस खायचं नाही, ते डॉक्टरला विचारा आणि पाळा.

परत कळपात

कोंबड्या लाल रंगावर चोच मारतात. जखम भरेपर्यंत ती वेगळी हवी, पण इतरांना दिसेल अशी ठेवा, नाहीतर परत आल्यावर तिला परकी समजून सगळ्या तुटून पडतात. सोडताना रात्री खुराड्यात, एखाद्या गरीब कोंबडीच्या शेजारी बसवा. अंडी काही आठवडे बंद राहतील, तेवढ्यावरून तिला निकामी ठरवू नका.

कुठं थांबायचं

आतडं बाहेर आलं असेल, कणा मोडून दोन्ही पाय लुळे पडले असतील, किंवा तिसऱ्या दिवशीही ती पाणी घेत नसेल, तर तिचे हाल वाढवू नका. एका झटक्यात सोडवणं हीही दयाच आहे. लेकरांचा तिच्यावर जीव असेल तर त्यांना खरं सांगा.

जखम नसताना कोंबड्या पटापट मरू लागल्या, माना वाकड्या झाल्या, हिरवी हगवण लागली, तर ती सुश्रूषेची गोष्ट नाही. ती मानमोडी असेल, बर्ड फ्लूही असेल. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला तो आपण पाहिला आहे. मेलेल्या कोंबड्यांना हात लावू नका, विकू नका, दवाखान्याला लगेच कळवा. आणि कुत्रं पिसाळलेलं असण्याची शंका असेल, हाताला चीर असताना जखमेतली लाळ लागली असेल, तर साबणानं हात धुऊन माणसानं आरोग्य केंद्रात जावं.

शेवटचं सांगतो. गावोगाव एका घरी एक डबा ठेवा. त्यात कात्री, चिमटा, कापूस, पोव्हिडोन आयोडीन, स्वच्छ चिंध्या असू द्या. चार घरांनी मिळून खर्च करा. डबा कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या. आणि भावांनो, खुराड्याचं दार आजच नीट करा. मुंगूस शिरेल अशी फट बुजवायला अर्धा तास लागतो, चावलेली कोंबडी बरी करायला तीन आठवडे.

एवढं बोलून आम्ही थांबतो.