संगीताचें माप आणि मोल

कापडाचें गिऱ्हाईक मीटरचा भाव विचारतें आणि तुपाचें किलोचा. माप न सांगतां नुसता भाव सांगणाऱ्या दुकानदाराकडे शहाणा मनुष्य दुसऱ्यांदा जात नाहीं. परंतु इंटरनेटवरून गाणें विकत घेतांना आपण केवळ भाव पाहतों. त्या भावांत आवाज किती पदरीं पडतो हें विचारीत नाहीं. आजच्या भाषणांत या मापाविषयींच चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम थोडें गणित करूं. १९८२ सालीं सोनी व फिलिप्स या कंपन्यांनीं सिद्ध केलेली सीडी बाजारांत आली. तिच्यावर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळां केलेली असते. प्रत्येक नोंद १६ बिटांची, आणि डाव्या व उजव्या बाजूंसाठीं अशा दोन नोंदी. गुणाकार केला म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. या हिशेबानें चार मिनिटांचें गाणें सुमारें ४२ मेगाबाइट जागा व्यापतें. टेलिफोनच्या तारेवरून घरांत येणाऱ्या जुन्या इंटरनेटचा वेग फार तर सेकंदाला ५६ हजार बिट असे. म्हणजे एवढें एक गाणें उतरवून घ्यावयास एक तास चाळीस मिनिटें लागावींत! इतका धीर कोणाला असणार?

या अडचणीवर एमपीथ्री या पद्धतीनें तोड काढली. जर्मनींतील फ्रॉनहोफर संस्थेंत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी यांनीं मनुष्याच्या कानाचा एक स्वभाव हेरला. मोठा आवाज चालू असतां त्याच्या आसपासच्या सुरांतला बारीक आवाज कानाला जाणवत नाहीं. मग जें जाणवणारच नाहीं तें सांठवावें कशाला? तेवढा भाग गाळला कीं सेकंदाला १२८ हजार बिटांच्या मापांत तेंच गाणें चार मेगाबाइटांहूनहि कमी जागेंत, म्हणजे सीडीच्या सुमारें अकराव्या हिश्शांत बसतें. युक्ति मोठ्या बुद्धिमत्तेची आहे यांत शंका नाहीं. परंतु सूप फार जोरानें हालविलें कीं फोलपटांबरोबर दाणेहि उडतात.

लहान मापाच्या फाइलींत सेकंदाला सोळा हजार कंपनांच्या वरचे नाद बहुधा मुळांतच कापलेले असतात. झांजांचा किंवा श्रोत्यांच्या टाळ्यांचा आवाज भिजल्यासारखा वाटतो. एकदम उमटणाऱ्या आघाताची अस्पष्ट चाहूल आघाताच्या आधींच लागते. आपल्या अभिजात संगीताच्या श्रोत्याला तर आणखी एक गोष्ट जाचते. एमपीथ्री करतांना फाइलीच्या आरंभीं व शेवटीं थोडी निःशब्द जागा शिल्लक राहते. एकाच मैफलींतील विलंबित ख्याल आणि द्रुत चीज यांच्या दोन फाइली केल्या, तर पुष्कळ यंत्रांवर ऐन जोडावर तंबोरा तुटतो आणि रंगाचा बेरंग होतो.

आतां मोलाकडे वळूं. ॲपल कंपनीनें २८ एप्रिल २००३ रोजीं अमेरिकेंत आयट्यून्सचें दुकान उघडलें. एका गाण्याला ९९ सेंट आणि संपूर्ण अल्बमला बहुधा ९ डॉलर ९९ सेंट असा भाव ठेवला. पद्धति एमपीथ्रीहून सुधारलेली होती, परंतु माप १२८ हजार बिटांचेंच; शिवाय फाइलीला कुलूप. सीडी घेणाऱ्याला माहितीची पुस्तिका मिळे, सीडी मित्राला देतां येई, नकोशी झाल्यास विकतांहि येई. येथें त्यांतलें कांहींच नव्हतें. २००७ सालीं ईएमआय कंपनीच्या गाण्यांचें कुलूप निघालें व माप २५६ हजारांवर गेलें, तेव्हां गाण्याची किंमत १ डॉलर २९ सेंट झाली. अल्बमची किंमत मात्र पूर्वींचीच राहिली. सप्टेंबरांत ॲमेझॉननें तेवढ्याच मापाचीं, बिनकुलपाचीं गाणीं ८९ ते ९९ सेंटांना विकावयास काढलीं, आणि ऑक्टोबरांत ॲपलचा भावहि ९९ सेंटांवर उतरला. तात्पर्य, दुप्पट माप जुन्याच भावांत देणें परवडत होतें. शेजारीं दुसरें दुकान उघडण्याचाच काय तो अवकाश होता.

त्याच महिन्यांत, १० ऑक्टोबर रोजीं, इंग्लंडमधील रेडिओहेड या वाद्यवृंदानें आपला 'इन रेनबोज' हा अल्बम इंटरनेटवर ठेवला आणि किंमत गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोंपविली. या औदार्याची जगभर वाखाणणी झाली. परंतु फाइली १६० हजार बिटांच्या होत्या, आणि पूर्ण मापाची सीडी पुढें नव्या वर्षाच्या तोंडावर दुकानांत आली. भावाची चर्चा सर्वत्र झाली. माप मात्र आगाऊ मागणी नोंदविणाऱ्या पुष्कळांना मागाहून कळलें.

माप पुरें म्हणजे आवाज चांगला, असेंहि कोणी समजूं नये. २००८ सालीं निघालेला मेटॅलिका या वाद्यवृंदाचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम सीडीवरहि कर्कश झाला होता, कारण मुद्रणाच्या वेळींच लहानमोठा सर्व आवाज एकाच टिपेला नेऊन भिडविला होता. हजारों श्रोत्यांनीं सह्या करून त्याविरुद्ध तक्रार केली. मूळांतच जें बिघडलें, तें मोठ्या फाइलीनें सुधारत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "मास्तर, साठी उलटलेल्या तुमच्या कानांना वरचे नाद ऐकूं येतात तरी का?" आक्षेप रास्त आहे. फार वरचे नाद या वयांत ऐकूं येत नाहींत. आणि २५६ हजारांची चांगली फाइल व सीडी यांतला भेद डोळे मिटून ओळखणें तरुणांनाहि बहुधा अवघड जातें. परंतु प्रश्न केवळ आजच्या ऐकण्याचा नाहीं, उद्यांच्या नकलेचा आहे. फळ्यावरून एकानें वही उतरविली, तिच्यावरून दुसऱ्यानें, त्याच्यावरून तिसऱ्यानें, म्हणजे दर नकलेंत एखादी मात्रा, एखादा अनुस्वार गळतो. एमपीथ्रीवरून पुन्हां एमपीथ्री केली कीं सूप नव्यानें चालतें. गेलेला दाणा परत येत नाहीं. लहान फाइलीवरून कोणी मोठी फाइल करून दिली, तर पोतें तेवढें मोठें होतें, धान्य पूर्वींइतकेंच राहतें.

यावर उपाय आहे. २००१ सालीं फ्लॅक नांवाची पद्धति पूर्णत्वास आली. ती कांहीं गाळीत नाहीं. कापडाची घडी घालावी तशी आवाजाची घडी घालते, आणि उलगडतांच धागा न् धागा जेथल्या तेथें असतो. बँडकँप या दुकानांत अल्बम अशा फाइलींत मिळतात व किंमत कलावंत स्वतः ठरवितो. ॲपलनेंहि जून २०२१ पासून आपल्या वर्गणीदारांना जादा आकार न घेतां पूर्ण मापाचें संगीत द्यावयास आरंभ केला. मात्र ती वर्गणी म्हणजे भाड्याचें घर. भाडें थांबलें कीं संगीत थांबलें.

म्हणून गृहस्थांना माझी सूचना अशी. अल्बम विकत घेण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या : माप किती, फाइलीला कुलूप आहे काय, आणि कलावंताच्या हातीं कांहीं पडतें काय. घरीं ठेवावयाची प्रत पूर्ण मापाची असावी. प्रवासांत मोबाईलवर लहान फाइल खुशाल ऐकावी. आणि कपाटांतल्या सीडींवरून लहान फाइली करून त्या सीडी भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्याची घाई करूं नये. आपल्या किती तरी गायक-वादकांच्या मैफली छोट्या कंपन्यांनीं सीडीवर काढल्या होत्या. पुढें कंपनी बंद पडली, तर आपल्या कपाटांतली ती प्रत नातवंडांना पूर्ण मापाचें गाणें ऐकवूं शकेल.