मागची बाग आणि कंबरेचा घेर
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला ‘आरोग्य’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. मी डॉक्टर नाही. ३६ वर्षं बँकेत काढली, त्यामुळे आकडे नीट बघायची सवय आहे, तेवढ्या भांडवलावर बोलतो. विषय आहे आपल्या पोटांचा आणि ‘बी’ विंगच्या मागे असलेल्या बागेचा.

आधी पोट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी २४ आणि पुरुषांपैकी जवळपास २३ जास्त वजनाचे किंवा लठ्ठ निघाले. आधीच्या फेरीत हेच आकडे २१ आणि १९ च्या आसपास होते. नुसत्या शहरी स्त्रिया घेतल्या तर दर तिघींत एक. आणि या हिशेबात आमची पिढी धरलेलीच नाही!

आपल्यापैकी बरेच जण म्हणतील, मी तर बारीक आहे. त्यांच्यासाठी एक पुण्याची गोष्ट. इथल्या केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, निर्देशांक २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. त्यांनीच गमतीने लिहिलंय की युडकिन मॅरेथॉन धावतात आणि आपला मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ते गाठणं. तात्पर्य, आपला भारतीय माणूस वजनकाट्यावर सडपातळ दिसतो आणि चरबी पोटात साठवून असतो. म्हणून आपल्याकडे डॉक्टर कंबर मोजायला सांगतात. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत. टेप बेंबीच्या पातळीला लावायची, श्वास आत न ओढता. पँटचा नंबर सांगू नये, पँट पोटाच्या खाली असते.

आता बागेचा संबंध. युरोपातल्या काही शहरांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या घराभोवती भरपूर झाडी होती, ती माणसं हालचाल करणारी असण्याची शक्यता तिपटीहून जास्त आणि जाडी असण्याची शक्यता सुमारे ४० टक्के कमी आढळली. अमेरिकेत इंडियानापोलिस शहरात ३,८०० हून अधिक मुलांच्या वजनाच्या नोंदी दोन वर्षांच्या अंतराने तपासल्या, तिथेही हिरव्या वस्तीतल्या मुलांचं वजन कमी वाढलेलं दिसलं.

इथे बँकवाल्याने सावध राहायला हवं. मोठी शिल्लक असलेल्या खातेदाराकडे बंगला असतो, म्हणून बंगल्यामुळे शिल्लक वाढते असं कोणी म्हणत नाही. हिरव्या वस्तीत पैसेवाले राहतात, त्यांचं खाणंपिणं वेगळं असतं. सगळ्याच पाहण्यांत असा संबंध आढळत नाही, हेही खरं. झाडाकडे नुसतं बघून कोणाची चरबी वितळत नाही. झाड काय करतं, तर सावली देतं, आणि सावली असली की माणूस घराबाहेर पडतो. एप्रिलमध्ये सकाळी नऊला आपल्या पुढच्या पेव्हर ब्लॉकवर उभं राहून बघा आणि मग मागच्या कडुनिंबाखाली या.

तरी हिशेब सोडू नका. ७० किलोचा माणूस अर्धा तास बऱ्यापैकी भरभर चालला, तर साधारण १२० ते १५० कॅलरी खर्च होतात. टेकडीवरून उतरल्यावर आपली मंडळी जो इडलीवडा सांबार हाणतात, त्यात ही जमा वजा जाऊन वर ओव्हरड्राफ्ट होतो. (नावं घेत नाही, तिसऱ्या रांगेत हसू फुटलंय ते पुरेसं आहे.) चालण्याचा खरा फायदा साखर, रक्तदाब, झोप आणि सांधे यांना, आणि पोट पुन्हा न वाढायला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. म्हणजे अर्धा तास, पाच दिवस.

पण तो अर्धा तास कुठे? पुण्यासारख्या टेकड्या फार थोड्या शहरांच्या नशिबी आहेत. वेताळ टेकडी आहे, हनुमान टेकडी आहे, तळजाई आहे. मी अजून आठवड्यातून तीनदा जातो. आमच्या सौ. जाऊ शकत नाहीत. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, खडकाळ उतार त्यांना बंद. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बागेत जायचं, तर फूटपाथवर दुचाक्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने शहरांसाठी सुचवलं आहे की घरापासून ३०० मीटरच्या आत हिरवी जागा असावी. सौ.च्या ३०० मीटरमध्ये एकच जागा येते, ती म्हणजे मागची बाग. एक फेरी ११० मीटरची. त्या रोज १४ फेऱ्या मारतात, बोटांवर मोजत. त्यांच्यासारख्या आणखी नऊ जणी आहेत आणि ‘ए’ विंगचे दोन काका आहेत.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे याच बागेत १४ गाड्यांचं पार्किंग करण्याचा ठराव आहे. गाड्यांची अडचण खोटी नाही. २५ वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा ४८ घरांत ११ गाड्या होत्या, आज ७० च्या वर आहेत. माझ्याच मजल्यावरचे शेजारी रात्री दहाला येतात आणि गाडी दोन गल्ल्या सोडून लावतात. त्यांच्याशी मी समोरासमोर बोललो आहे, माझं मत त्यांना माहीत आहे. मंजूर नकाशात ती जागा काय म्हणून दाखवली आहे, ते समितीने सभेआधी काढून ठेवावं. झाडं तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तो अर्जही ठरावात कुठे दिसत नाही.

माझी उपसूचना लेखी दिली आहे. पुढच्या बाजूला दोन मजली यांत्रिक पार्किंगचा खर्च काढावा. दुसऱ्या गाडीला शुल्क वाढवावं, म्हणजे त्यातून तो खर्च काही अंशी निघेल. बागेत एक दिवा आणि दोन पाठीचे बाक वाढवावेत, बिनपाठीच्या बाकावर आमच्या वयाचं कोणी बसत नाही. आणि संध्याकाळी पाच ते सात मुलांना बॉल खेळू द्यावा. तळमजल्यावर जाळी बसवायचा खर्च एकदाच होईल, वर्गणीतले पहिले दोन हजार माझे.