भरल्या ताटातील उपासमार

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर धम्म, इतिहास व शिक्षण या विषयांवर अभ्यासपूर्ण विचार मांडले गेले. आमचा आजचा विषय मात्र विहारात कशाला, असे काहींना वाटेल. विषय आहे लहान मुलांचा लठ्ठपणा, त्यांच्या रक्तातील जीवनसत्त्वे आणि त्यांचे पुढचे आरोग्य. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आहोत व बँकेत कारकुनी करतो. तेव्हा औषधोपचार सांगण्याचा आमचा अधिकार नाही. जे वाचले आणि जाणत्यांकडून समजून घेतले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या समाजात गुबगुबीत मूल ही अभिमानाची गोष्ट समजली जाते आणि त्याला कारणही आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, परदेशातून आलेल्या मिलोची भाकरी खाल्ली, सुकडीवर दिवस काढले. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुले शिकवली, त्यांना नातवंडांचे गोबरे गाल पाहून धन्यता वाटली तर त्यांचे काय चुकले ? 'खात्यापित्या घरचं लेकरू' हे शब्द कानी पडावेत म्हणून एक अख्खी पिढी खपली. परंतु अंगावर चरबी चढली म्हणजे भूक संपली, असे मात्र नाही. पोट भरलेले असूनही शरीर उपाशी राहू शकते. आम्हाला आज एवढेच सांगायचे आहे.

आमच्या परिचयातील एका घरची गोष्ट सांगतो. बारा वर्षांचा मुलगा, वजन वयाच्या मानाने फार. त्याच्या मानेवर मागच्या बाजूने काळपट, जाडसर पट्टा उमटला. आई रोज वजरीने त्याची मान घासायची. शाळेत कोणी आपल्या मुलाला अस्वच्छ म्हणू नये, ही तिची धास्ती. हा शब्द आपल्या वाडवडिलांनी किती झेलला, ते आम्ही येथे सांगायला नको. कातडी सोलवटली, पण पट्टा गेला नाही. शेवटी डॉक्टरांनी सांगितले, "ताई, हा मळ नाही. घासू नका, रक्त तपासून घ्या." तपासणीत इन्सुलिन वाढलेले आणि ड व ब-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वे कमी निघाली. आई चकित होऊन म्हणाली, "एवढं खातो, तरी कमी कसं ?"

त्या माऊलीच्या प्रश्नाचे उत्तर समजून घेऊ.

रक्तातील साखर पेशींपर्यंत पोचवण्याचे काम इन्सुलिन करते. पोटात व यकृतात चरबी साचू लागली की पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत. मग शरीर अधिकाधिक इन्सुलिन सोडते. वाढलेल्या इन्सुलिनमुळे मानेची, काखेची त्वचा जाड व काळी पडते. पुढे साखर, रक्तदाब, रक्तातील चरबी आणि यकृत यांचा तोल बिघडतो. यालाच चयापचयाचा बिघाड म्हणतात.

ड जीवनसत्त्व मुख्यतः उन्हात, आपल्या त्वचेत तयार होते आणि ते चरबीत विरघळते. लठ्ठ मुलाच्या शरीरात ते चरबीत जाऊन बसते आणि रक्तात कमी उरते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रक्कम मुदत ठेवीत अडकली आणि रोजच्या खात्यात शिल्लक नाही, अशी ही स्थिती. त्यात शाळा, शिकवणी आणि मोबाइल यांत मुलांचा दिवस सरतो. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी उपयोगाचे नाही, कारण लागणारे किरण काच अडवते.

ब-१२ ची गोष्ट वेगळी. ते शाकाहारात फक्त दूध, दही, ताक यांतून मिळते. एरवी अंडी, मासे, मटण, कलेजी यांतून मिळते. धान्य व भाजीपाला यांत ते नसते. मैदा, साखर आणि तेल यांतून मुलाला ताकद भरपूर मिळते, पण ब-१२ मिळत नाही. म्हणून भरल्या ताटावरून उठलेले मूलही या बाबतीत उपाशी राहते.

या विषयावरचे मोलाचे काम आपल्या महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. आपली बाळे हाडामांसाने बारीक होती, परंतु त्या मानाने त्यांच्या त्वचेखालची चरबी फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीयुक्त ! या मातांपैकी निम्म्याहून अधिक जणींत ब-१२ कमी होते. त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासणी झाली. ज्या मातांत फोलिक आम्ल जास्त व ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे आईच्या ताटातील उणीव मुलाच्या रक्तात उतरते. उपासमारीची थकबाकी पुढच्या पिढीच्या नावावर चढते, असे आम्ही म्हणू.

डॉ. याज्ञिक यांनी २००४ मध्ये इंग्लंडमधील आपले सहकारी डॉ. युडकिन यांच्यासोबत स्वतःचेच उदाहरण जगापुढे ठेवले. उंचीच्या मानाने दोघांचेही वजन सारखे होते. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली ! म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. मुलाच्या कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक भरला, तर मूल डॉक्टरांना दाखवावे.

केंद्र शासनाने २०१६ ते २०१८ या काळात देशभरातील मुलांच्या पोषणाची पाहणी केली. त्यात १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुलांत ड आणि ३१ टक्के मुलांत ब-१२ कमी आढळले. याच वयोगटात वजन वाजवीपेक्षा जास्त असलेली मुले ५ टक्के होती, तर रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली सुमारे १० टक्के. वजन जास्त असलेल्या मुलांच्या दुपटीने मुले त्या उंबरठ्यावर होती. याचा अर्थ काटकुळ्या दिसणाऱ्या मुलांच्या पालकांनीही निश्चिंत राहू नये.

मग औषधाच्या दुकानातून जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून द्याव्यात काय ? नाही. ड जीवनसत्त्व दिल्याने लठ्ठ मुलांचा चयापचय सुधारतो काय, याचे अनेक प्रयोग झाले, पण निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. कमतरता असेल तर ती जरूर भरून काढावी, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने. ६०,००० युनिटची पुडी मनाने वारंवार देणे घातक आहे. रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

खरा उपाय स्वयंपाकघरात आहे आणि तो महागही नाही. आपल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागात नागली पिकते. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. बाजरी-ज्वारीची भाकरी, मटकी, हरभऱ्याची भाजी, शेवगा, ताक, अंडे हे सारे आपल्या आवाक्यातले आहे. आणि स्पष्टच बोलतो, सुकट-बोंबील ! फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर शेजाऱ्यांना वास जाईल म्हणून अनेक घरांतून सुकट हद्दपार झाली. मुलेही डब्यात भाकरी न्यायला लाजतात. त्या जागी आली क्रीमची बिस्किटे, वेफर्स आणि कोल्ड्रिंक. वाडवडिलांनी नाइलाजाने जे खाल्ले, त्यातील पौष्टिक ते आपण लाजेपोटी टाकले आणि दुकानातले निःसत्त्व ते प्रतिष्ठा म्हणून घरात आणले. ज्यांना अंडी-मासे चालत नाहीत, त्यांनी दूध, दही, ताक यांवर भर द्यावा. सुकट खारट असते, म्हणून ती धुऊन, बेताने घ्यावी.

मित्रहो, धम्माला हा विषय नवा नाही. संयुक्त निकायातील द्रोणपाक सुत्तात कोसल देशाचा राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकत भगवान बुद्धांकडे येतो. भगवंतांनी त्याची थट्टा केली नाही की त्याला उपास करायला सांगितले नाही. मात्रा जाणून, सावध राहून जेवण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करून आपल्या जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितले. राजाचे खाणे हळूहळू कमी झाले आणि शरीर हलके झाले. येथे तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत : थट्टा नाही, उपासमार नाही आणि घरातल्या कोणीतरी प्रेमाने रोज आठवण करून देणे आहे. आपल्या घरातील मुलाला 'ढोल्या' म्हणून हाक मारणे ही मैत्री नव्हे. एकट्याच्या ताटातले काढू नका, साऱ्या घराचे ताट बदला.

संस्थेला आमच्या तीन नम्र सूचना आहेत. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत मुलांना रंगीत कोल्ड्रिंकऐवजी ताक व पाणी द्यावे. बालसंस्कार शिबिरात बिस्किटाच्या पुड्याऐवजी उकडलेले हरभरे किंवा मटकी द्यावी. आणि वर्षातून एकदा विहारात मुलांची तसेच लग्नाच्या वयाच्या मुलींची तपासणी तज्ज्ञांकडून करवून घ्यावी. पुण्याचा अभ्यास सांगतो की उद्याच्या मुलाचे आरोग्य आजच्या मुलीच्या ताटात आहे. घरात सर्वांत शेवटी आणि उरलेसुरले तिने जेवायचे, ही रीत आपण तरी मोडू या.

विद्यार्थी मित्रांनो, त्रिरश्मी लेणी आपल्याच शहरात आहेत. रविवारी मोबाइल घरी ठेवून पायऱ्या चढून जा. व्यायाम होईल, ऊन मिळेल आणि दोन हजार वर्षांचा वारसाही पाहता येईल. त्या आईने वजरी केव्हाच ठेवून दिली आहे. ती आता मुलाला घेऊन रोज तासभर चालते. मानेवरचा पट्टा अजून पुरता गेलेला नाही, पण फिकट होऊ लागला आहे.