काटा सरकारचा, हात कोणाचा?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



व्यापारांत सरकारनें हात घालावा कीं नाहीं, असें पुष्कळ जण विचारतात. मी उलट विचारतों, हात कोणाच्या बाजूनें घालावयाचा?

आपल्या वाडवडिलांनीं गाडी बाजारांत नेली म्हणजे दलाल व खरेदीदार रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत. माल ज्याचा, त्यालाच भाव ठाऊक नाहीं! वर आडत, तोलाई, हमाली, कडता आणि धर्मादाय. दान आमच्या पोत्यांतून व पुण्य शेटजींच्या खातीं! असो.

हें मोडावयास कायदाच लागला. वऱ्हाडांत १८९७ सालीं कापूस व धान्याच्या बाजारांचा कायदा झाला. पण कमिट्यांत व्यापाऱ्यांचेंच प्राबल्य. ज्याला लगाम घालावयाचा त्याच्याच हातीं लगाम! मुंबई इलाख्यांत १९२७ सालीं कापसाकरितां व १९३९ सालीं शेतमालाकरितां कायदे झाले, पुढें १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा आला. उघड लिलाव, तपासलेला काटा व समितींत शेतकऱ्यांचे प्रतिनिधि, हें सर्व सरकारी सत्तेनेंच मिळालें.

आतां तीच सत्ता दुसऱ्या बाजूनें पाहा. घटनेप्रमाणें गांवचा बाजार राज्याच्या यादींत, परदेशचा व्यापार केंद्राच्या. बाजार समितींत आपलें मत चालतें. दिल्लीच्या त्या कचेरींत कोण विचारतो? ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्रानें कांद्याची निर्यात बंद केली. मुदत ३१ मार्च २०२४ ची, ती वाढविली. ४ मे रोजीं बंदी उठली, पण ४० टक्के जकात राहिली. जकात पुरती गेली ती १ एप्रिल २०२५ रोजीं.

माझे विणकर, सुतार बंधु म्हणतील, "मास्तर, कांदा महागला तर आम्हीं भाकरीबरोबर काय खावें?" प्रश्न रास्त आहे. गरिबास कांदा स्वस्त मिळालाच पाहिजे. मात्र त्याची तूट तिजोरीनें सोसावी. एकट्या कांदेवाल्यानें कां? आणि बंदी करावयाचीच तर लागवडीपूर्वीं सांगावें, माल बाजारांत आल्यावर नव्हे.

तूर्त एक काम करा. फळें-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय राज्य सरकारनें २०१६ सालीं केला. येत्या रविवारीं आपापल्या हिशोबपट्ट्या शाळेंत आणा. बायांनींहि यावें, पोतीं भरणारे हात त्यांचेच. एकेक कपात मोठ्यानें वाचूं, आणि जी नियमांत बसत नाहीं तिच्याखालीं तांबडी रेघ ओढूं.