रानातील मुक्काम : आनंद आणि उत्तरदायित्व

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



डोंगरातील रानात उघड्यावर रात्र काढणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाही. पावसाळा सरल्यावर देशावरील कोरडवाहू भागातून मेंढरे घेऊन कोकणात उतरणारा धनगरांचा वाडा आज एका शिवारात, तर दोन दिवसांनी पुढच्या गावच्या शिवारात असतो. बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर आणि चूल तीन दगडांची. वाडा उठला म्हणजे शेतात मेंढ्यांचे खत मागे राहते आणि त्याच्या मोबदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. मुक्काम करणाऱ्याने ज्या भूमीवर पाठ टेकली त्या भूमीचे देणे फेडावे, हा त्या व्यवहाराचा अर्थ होय.

पुढे गिरिभ्रमणाची आवड सुशिक्षित वर्गात रुजली. गो. नी. दांडेकर यांच्या ‘दुर्गभ्रमणगाथा’ यासारख्या लेखनाने तरुणांची पावले गडकोटांकडे वळविली. आज सुटीच्या दिवशी पुण्या-मुंबईहून, नाशिकहून निघालेले तरुण पाठीवर तंबू घेऊन सह्याद्रीच्या कुशीत मुक्कामाला येतात. ही आवड निकोप आहे. तिला शिस्तीची जोड मिळाली नाही, तर मात्र त्याचे मोल डोंगरातील गावांना द्यावे लागते.

परदेशातील प्रथा

अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांमध्ये ठरावीक छावणीस्थळांच्या बाहेर, विखुरलेल्या मुक्कामाची मुभा बऱ्याच ठिकाणी असते. तेथे नळ नसतो, शौचालय नसते, कचरा उचलणारा माणूसही नसतो. सर्व सोय ज्याची त्याने करावयाची. या मोकळिकीबरोबर बंधनेही येतात. सामान्यतः एका जागी १४ दिवसांहून अधिक राहता येत नाही. तंबू झऱ्यापासून व तळ्यापासून सुमारे ६० मीटर दूर असावा, मैला १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्ड्यात पुरावा, आणलेली प्रत्येक वस्तू परत न्यावी, असे तेथे शिकविले जाते. ‘मागे खूण ठेवू नका’ या शिकवणीचा प्रसार करण्यासाठी १९९४ मध्ये तेथे स्वतंत्र संस्थाही स्थापन झाली.

ही तत्त्वे येथेही उपयोगी आहेत. परंतु एक महत्त्वाचा फरक ध्यानी घ्यावयास हवा. अमेरिकेतील विस्तीर्ण वनांत मैलोन्‌मैल वस्ती नसते. सह्याद्रीत मात्र जवळजवळ प्रत्येक उतारावर एखादी वाडी, एखादी देवराई आणि कुणाचे तरी पाणवठे असतात. येथे ‘निर्जन रान’ म्हणून जे दिसते, ते बहुधा कुणाचे तरी अंगण असते.

गड, गाव आणि पाणी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचे उदाहरण घ्यावे. १९८६ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३६० चौरस किलोमीटर आहे. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर येथेच आहे. हरिश्चंद्रगडावर प्राचीन मंदिर, त्याशेजारची पुष्करणी, पाण्यात उभे शिवलिंग असलेली केदारेश्वराची लेणी आणि कोकणकड्याचे विस्मयकारक दर्शन यांमुळे बारमाही वर्दळ असते. बारी, पाचनई यांसारख्या पायथ्याच्या गावांतील घरांना जेवणाची व मुक्कामाची सोय करून चार पैसे मिळतात. वर्षातील एका पिकावर भागविणाऱ्या कुटुंबाला हा मोठा आधार आहे.

याच डोंगरात पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी वणवण होते. काळ्या पाषाणाचा कातळ पाणी फारसे धरून ठेवीत नाही. उतारावरील मातीचा थर, कुजलेला पाला आणि कारवीची दाट मुळे यांच्यात मुरलेले पाणी झऱ्यांच्या रूपाने हळूहळू पाझरते. वैशाखात कातळातील टाक्यात उरलेले पाणी माणसांचे, गुरांचे आणि वन्य प्राण्यांचे असे तिहेरी असते. त्या टाक्यात साबण लावून आंघोळ केली किंवा खरकटी भांडी विसळली, तर एका रात्रीच्या पाहुण्याची सोय होते आणि गावाची कित्येक दिवसांची अडचण होते.

विस्तवाचे भय

दुसरी बाब विस्तवाची. फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत डोंगरावरचे गवत वाळून कोळ झालेले असते. शेकोटीची एक ठिणगी वाऱ्यावर गेली तरी पुरे. वणव्यात गवत जळते, म्हणजे गुरांचा चारा जातो. रोपटी जळतात, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी नष्ट होतात. बाळहिरडा गोळा करून संसाराला हातभार लावणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांचे हिरड्याचे झाड होरपळते. पाला जळून उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते आणि पुढच्या वर्षी झरा लवकर आटतो. याचा अर्थ, शेकोटीचा प्रश्न हा अखेर पाण्याचाच प्रश्न आहे.

म्हणून कोरड्या दिवसांत रानात विस्तव न पेटविणे हेच उत्तम. धुराने कड्यावरील आग्या मोहोळ उठते, हेही विसरता कामा नये. गावातील अंगणात चूल असताना रानात शेकोटीची आवश्यकता नाही.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध आहेत आणि कलम ३० नुसार तेथे आग लावणे किंवा विस्तव पेटता सोडून जाणे निषिद्ध आहे. राखीव वनात आग लावण्यास भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नेही मनाई केलेली आहे. तेव्हा वनविभागाची परवानगी घेऊन, नेमून दिलेल्या जागीच मुक्काम करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरते. तथापि कायद्याचा हात प्रत्येक खिंडीत पोहोचू शकत नाही. वनरक्षक एक आणि डोंगर अनेक, ही वस्तुस्थिती आहे. येथेच गावाचे काम सुरू होते.

प्रत्येकाचा वाटा

ग्रामपंचायतीने गडाच्या वाटेवर नोंदवही ठेवावी. कोण, किती जण, कधी परतणार, याची नोंद असली तर वाट चुकलेल्याचा शोधही लवकर लागतो. पिण्याचा पाणवठा आणि वापरण्याचे पाणी वेगळे दाखविणाऱ्या पाट्या लावाव्यात. मुक्कामाच्या जागा ग्रामसभेत वनविभागाच्या सल्ल्याने ठरवाव्यात. ओढ्याच्या पात्रातील सपाट जागा कितीही सोयीची वाटली तरी ती टाळावी, कारण वर डोंगरात पडलेला पाऊस खाली अचानक लोंढा होऊन येतो. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन झालेल्या स्थानिक समितीलाही या कामात सहभागी करून घ्यावे.

शिक्षकांचा वाटा याहून मोठा आहे. सहल नेण्यापूर्वी वर्गात एक तास या विषयाला द्यावा. रानात गेल्यावर मुलांना झऱ्याचे मूळ दाखवावे, शेकरूचे घरटे दुरून दाखवावे, आणि परतताना प्रत्येकाच्या पिशवीत स्वतःचा कचरा आहे ना, हे पाहावे. बारा वर्षांच्या मुलाला लागलेली सवय पुढे पन्नास वर्षे टिकते.

अधिकाऱ्यांनी परवानगीची पद्धत सोपी व स्पष्ट ठेवावी. नियम समजला नाही म्हणून मोडला, अशी वेळ येऊ नये. पाहुण्यांकडून मिळणाऱ्या शुल्काचा काही भाग पाणवठ्यांची दुरुस्ती आणि जाळरेषा यांवर खर्च झालेला गावाच्या डोळ्यांना दिसला, तर रानाची राखण करण्यास गाव आपण होऊन पुढे येईल.

डोंगरावरील चांदण्या रात्रीचा आनंद सर्वांचा आहे. सकाळी तंबू उचलल्यावर त्या जागी केवळ दबलेले गवत दिसावे आणि खालच्या वाडीतील बाईचा हंडा नेहमीसारखाच नितळ पाण्याने भरावा. रानातील मुक्काम यशस्वी झाला की नाही, याची हीच कसोटी होय.