घर कच्चे की धोरण कच्चे?

(चितेगाव, ता. पैठण येथील भाषण)



चितेगाव पैठणच्या रस्त्यावर वसले आहे. या रस्त्याने कारखाने आले आणि सिमेंटचे घर हेच प्रगतीचे लक्षण होय, ही समजूतही आली. मराठवाड्यातील माळवदाचे घर, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा थर पेलणारे, उन्हाळ्यात गारवा देणारे घर, जनतेच्या नजरेतून उतरले. जनगणनेच्या वर्गवारीतही मातीची व न भाजलेल्या विटांची भिंत ‘कच्ची’ ठरते. ही वर्गवारी तांत्रिक दिसते. परंतु कोणाच्या ज्ञानाला किंमत मिळावी आणि कोणाच्या हाताला काम, याचा निवाडा तिच्यातच होतो.

यावर किल्लारीचा दाखला दिला जातो आणि तो टाळता येणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसार 7,928 माणसे दगावली. त्यांतील बहुतेक आपल्याच घराखाली गाडली गेली. मात्र हा दोष एकट्या मातीचा नव्हता. जाड दगडी भिंतींच्या आतल्या व बाहेरच्या अंगांना सांधणारे आरपार दगड नव्हते. छतावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेले होते. भिंत फुटली आणि छताचा भार निजलेल्यांवर आला. परंपरा पूज्य मानून हे झाकणे म्हणजे श्रमिकांशी द्रोहच होय.

पुढे पुनर्वसनाच्या दोन वाटा निघाल्या. 52 गावे मूळ जागेवरून हलविण्यात आली. सरळ रेषांत आखलेल्या वसाहती उभ्या राहिल्या. शेजार आणि गोठा यांचा जुना मेळ त्यांत तुटला. दुसरी वाट डागडुजीची व बळकटीची होती. अशी जवळजवळ 2 लाख घरे मालकांनी आपल्याच देखरेखीखाली सुधारून घेतली. छतावरील माती कमी केली, भिंतीत आरपार दगड बसविले, वरून पट्टा बांधला. या कामात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांना गुंतविले. ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलेल्या स्त्रिया घरोघरी तंत्र समजावू लागल्या आणि कामावर लक्ष ठेवू लागल्या. जुने साहित्य आणि नवे शास्त्र यांची सांगड गावकऱ्यांच्या हाती आली, तेव्हाच घर सुरक्षित झाले.

हा धडा सरकारी कागदांतही उमटला आहे. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेच्या नियमांनुसार घर लाभार्थ्याने स्वतः बांधावयाचे असते. कंत्राटदार नेमण्यास मनाई आहे. स्थानिक साहित्याचे नमुने देणारा ‘पहल’ हा संग्रहही केंद्राने काढला. पहल म्हणजे प्रकृती, हुनर, लोकविद्या. परंतु मातीकामात तरबेज गवंडी आणि तिची पारख असलेला अभियंता तालुक्यात नसेल, तर हक्क कागदावरच राहतो आणि अनुदान सिमेंटच्या दुकानाकडे वाहते. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे 7 ते 8 टक्के आहे. त्या तापाची झळ प्रथम पत्र्याखाली राहणाऱ्या मजुरालाच बसते.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या ग्रामसभेत मांडाव्यात. घरकुलाचा नमुना गावाने चर्चा करून निवडावा. स्त्री-पुरुष गवंड्यांना भूकंपरोधक मातीकामाचे प्रशिक्षण सरकारी खर्चाने, पूर्ण मजुरीसह मिळावे. आणि शास्त्रशुद्ध रीतीने बांधलेल्या मातीच्या भिंतीवरील ‘कच्ची’ हा शिक्का पुसला जावा. निवारा हा हक्क आहेच. तो कसा उभारावा हे ठरविण्याचा अधिकारही त्याच हक्काचा भाग आहे.