शेणखत, माती आणि औषधांना न जुमानणारे जंतू



शेणखत हे जमिनीचे अन्न होय, ही गोष्ट महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नव्याने सांगावयास नको. परंतु गोठ्यात दिलेल्या औषधाचा परिणाम शेणावाटे शेतात उतरतो आणि तेथून पुन्हा गोठ्याकडे परततो, याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

प्रतिजैविके आणि माती यांचे नाते जुने आहे. क्षयरोगावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीत राहणाऱ्या सूक्ष्म जीवापासूनच मिळाले. अशा द्रव्यांना तोंड देण्याची शक्तीही मातीतील जीवाणूंत मूळचीच आहे. कॅनडातील युकॉन प्रदेशात सुमारे ३० हजार वर्षे गोठून राहिलेल्या मातीतही या शक्तीची जनुके आढळल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा ही शक्ती शेतीने निर्माण केलेली नाही. मात्र शेतीतील औषधवापराने ती वाढली आणि पसरली.

याचा पुरावा नेदरलँड्समध्ये मिळाला. तेथे १९४० ते २००८ या काळातील मातीचे नमुने जपून ठेवण्यात आले होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तपासणीत, टेट्रासायक्लिनला दाद न देणारी काही जनुके १९७० च्या दशकाच्या मानाने १५ पटींहून अधिक झाल्याचे दिसून आले.

हे घडते कसे? जनावराला दिलेल्या प्रतिजैविकाचा बराच अंश शेण व मूत्र यांवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. आतड्यांतील जे जीवाणू औषधाला पुरून उरले, तेही त्याबरोबर येतात. ताजे शेण किंवा कोंबडीखत शेतात पसरले की हे जीवाणू मातीतील निराळ्या जातींच्या जीवाणूंनाही आपली जनुके देऊ शकतात. पुढे गुरे चरताना गवताबरोबर माती खातात, कोंबड्या माती टोचतात, पावसाचे पाणी ओढ्याला मिळते. ज्या जनावराला कधी औषध दिलेच नाही, त्याच्या पोटातही असे जंतू पोहोचतात. मग कासदाह झालेल्या गाईला नेहमीचे इंजेक्शन लागू पडेनासे होते. दूध जाते, खर्च वाढतो आणि प्रसंगी जनावरही हातचे जाते.

धोका गोठ्यापुरता राहत नाही. इतर औषधे निरुपयोगी ठरल्यावर माणसासाठी राखून ठेवलेले कोलिस्टिन हे औषध अनेक देशांत डुकरे व कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात घातले जात असे. त्याला न जुमानणारे आणि एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारे जनुक चीनमध्ये डुकरे, मांस व रुग्ण या तिन्हींत आढळल्याचे २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले. चीनने २०१७ साली वाढीसाठी होणारा हा वापर थांबविला. त्यानंतर तेथे या जंतूंचे प्रमाण जनावरांत व माणसांतही घटल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत दिसले. भारत सरकारनेही जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेले पशू, कुक्कुट व मत्स्यपालन यांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. सारांश, वापर आवरला तर उतार पडतो.

हे चक्र तोडण्याचे उपाय शेतकऱ्याच्या आवाक्यातील आहेत. पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून प्रतिजैविक देऊ नये आणि सुरू केलेली मात्रा अर्ध्यावर सोडू नये. वाढीसाठी औषधमिश्रित खाद्य घेऊ नये. औषध चालू असलेल्या गाई-म्हशींचे दूध, विकावयाचे नाही म्हणून, वासरांना पाजण्याची रीत सोडावी. लसीकरण वेळेवर करावे व गोठा कोरडा ठेवावा, म्हणजे औषधाची गरजच कमी पडेल.

शेणखत व कोंबडीखत ताजे न वापरता ढीग रचून, ओल राखून व वरखाली करून कुजवावे. ढिगातील उष्णता ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस टिकली तर पुष्कळसे रोगजंतू नष्ट होतात व औषधाचे अंशही घटतात. सर्व जनुके मात्र त्याने नाहीशी होत नाहीत. म्हणून कुजविण्याइतकेच औषध जपून वापरणे अगत्याचे आहे.

शेणखताचा त्याग करावयाचा नाही. ते चांगले कुजवून घालावयाचे आहे. आज जपून वापरलेले औषध उद्या गोठ्यातील जनावराला आणि घरातील मुलालाही उपयोगी पडेल.